घोरबाचं काय करायचं

पडद्यावर वेस कोसळली, सगळीकडे धूळच धूळ झाली, आणि त्या धुळीत कुणीतरी शिंकलं.

मी खुर्चीतून उठलेच. "हे चूक आहे," असं म्हणालेसुद्धा. जरा मोठ्यानेच म्हणाले असणार, कारण पुढच्या रांगेतले दोन-तीन पत्रकार वळून बघायला लागले आणि वाहिनीची एक मुलगी पाण्याची बाटली घेऊन माझ्याकडे धावली. पडद्यावर घोरबा धुळीतून बाहेर आला. त्याने अंग झटकलं, लांबलचक जांभई दिली आणि समोर रडत उभ्या असलेल्या रुईला विचारलं, "जेवलात का सगळे?"

हॉलमध्ये हशा पिकला. मला मात्र संतापाने रडू येत होतं.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पुण्यात एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत टीव्हीवरच्या मालिकांचं परीक्षण लिहायचे. 'वेशीपल्याड'वर मालिका येणार हे कळल्यापासून माझं कशात लक्ष नव्हतं. 'वेशीपल्याड' म्हणजे कमलिनी गंधे यांची पाच पुस्तकं. बाई नगरला एका शाळेत भूगोल शिकवायच्या आणि शाळा सुटल्यावर हे लिहायच्या. डोंगराच्या पोटात दडलेलं, एकामागे एक पाच वेशी असलेलं शहर. त्या वेशी ओलांडत आपल्या हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली रुई नावाची मुलगी. आणि तिसऱ्या वेशीत आडवा पसरून झोपलेला राक्षस, घोरबा. राखणदार म्हणून त्याची नेमणूक असते, पण तो कायम झोपलेला. त्याला ओलांडून जाता येत नाही एवढीच काय ती राखण. तो जांभई द्यायला लागला की चिमण्या त्याच्या तोंडात शिरून बाहेर येतात. रुई त्याला हाताशी धरते आणि मग पानोपानी तो बरोबर असतो, पाय ओढत, कुरकुरत, दर दोन कोसांनी खायला मागत.

तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी वेशीची कमान खचते. आख्खं शहर बाहेर पडेपर्यंत घोरबा ती पाठीवर पेलून धरतो. सगळ्यात शेवटी रुई उरते. ती त्याचा हात ओढायला लागते तेव्हा तो म्हणतो, "तू हो पुढे. मी जरा पडतो."

बस. एवढंच. पुढच्या पानावर कमान पडलेली असते.

मी पाचवीच्या सुट्टीत हे वाचलं आणि दोन वेळचं जेवण जेवले नाही. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, घोरबा गेला तेव्हा आपण कुठे बसलो होतो ते तो सांगेल. तर तो घोरबा आता शिंकून जेवणाची चौकशी करत होता.

कार्यक्रम संपल्यावर समोसे खाताना दिग्दर्शकाला मी गाठलं. निरंजन पोतनीस त्याचं नाव. माणूस लबाड नव्हता. त्याने सरळ सांगितलं की मालिका सोमवारी संध्याकाळी आहे, समोर मुलं असणार, मुलं हमसून रडायला लागली की आया वाहिनी बदलतात. शिवाय घोरबाचं काम करणारा नट नुसत्या जाहिराती पाहूनच लोकांना फार आवडायला लागला होता. मी विचारलं, गंधेबाईंना हे ठाऊक आहे का. तो जरासा अडखळला. करारात अट होती म्हणे, मुख्य पात्रांचं काही बदलायचं तर बाईंची संमती हवी. त्यांना डीव्हीडी आणि पत्र पाठवून महिना होऊन गेला होता. उत्तर आलं नव्हतं. दोन आठवड्यांवर प्रसारण आलं होतं.

ऑफिसात परत येऊन मी हे शेजवळसरांना, म्हणजे आमच्या पुरवणीच्या संपादकांना सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. बाईंनी नकार दिला की मालिकेला तो भाग पुन्हा चित्रित करावा लागेल नाहीतर बाईंचं नाव काढावं लागेल, आणि दोन्हीपैकी काहीही झालं तरी बातमी पहिल्या पानाची. नगरला जा, बाईंचा नकार घेऊन ये, मग परीक्षण लिही, असा हुकूम झाला. मला हुकमाची गरज नव्हती. मथळा मी रिक्षात बसल्या बसल्याच ठरवला होता: 'घोरबाला वाचवलं, पुस्तकाला मारलं.'

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नगरला गेले. सावेडीत घर शोधायला काही त्रास पडला नाही. दार ज्यांनी उघडलं त्यांनी दाराची चौकट पूर्ण भरून टाकली होती. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, त्याला शोभेल असं पोट, बनियन, लुंगी, आणि चेहऱ्यावर आत्ताच कुणीतरी झोपेतून उठवल्यासारखा भाव. हे गंधेकाका, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मला नाव विचारलं नाही, काम विचारलं नाही. चहा घेणार की आधी पाणी, एवढंच विचारलं आणि आत वळून हाक मारली, "कमल, कुणीतरी आलंय."

बाई लहानखुऱ्या, चष्म्याच्या, ताठ बसणाऱ्या. मी त्यांच्या पाया पडले तेव्हा त्यांना ते फारसं रुचलं नाही. मी आले कशासाठी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की डीव्हीडी आली आहे, पाहिलेली नाही, पाहायची इच्छा नाही. पुस्तक लिहून झालं की आपला संबंध संपला, त्यावर आता कुणी नाटक करो नाहीतर हातरुमालावर छापो. मी म्हटलं, बाई, त्यांनी घोरबाला जिवंत ठेवलाय.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला. काका तेव्हा चहाचा ट्रे घेऊन येत होते. ते दारातच थांबले. मग पुढे आले, ट्रे ठेवला आणि माझ्या कपात साखर कमी आहे का हे विचारून आत निघून गेले.

"जेवून जा," बाई म्हणाल्या. "मग पाहू ते काय आहे."

जेवण साधं आणि फार छान होतं. मटकीची उसळ, भाकरी, ताक. बाईंनी मला पाचही पुस्तकांवर प्रश्न विचारले, अगदी तोंडी परीक्षाच. चौथ्या वेशीवर वारा कुठल्या दिशेचा? वायव्येचा. बरोबर. मला फार बरं वाटलं. काका मुकाट्याने जेवत होते. मी त्यांना उगाच विचारलं, तुमचं आवडतं पुस्तक कोणतं? ते म्हणाले, मी पहिली तीन वाचलीत. पुढची दोन राहिली. बाईंनी ताकाचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं आणि विषय पावसावर नेला.

हात धुऊन काका दिवाणाकडे वळले, उशी सारखी केली आणि जाता जाता बाईंना म्हणाले, "तू हो पुढे, मी जरा पडतो."

माझ्या हातातला नॅपकिन हातातच राहिला. मी बाईंकडे पाहिलं. बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. पण त्यांचा चेहरा एकदम लालसर झाला होता, चोरी पकडली गेलेल्या लहान मुलीसारखा. मग मी दिवाणाकडे पाहिलं. पाय बाहेर आलेले, हात छातीवर, डोळे मिटायच्या बेतात. अठरा वर्षं मी ज्याच्यासाठी हळहळत होते तो माझ्यासमोर पसरला होता, आणि त्याने नुकत्याच तीन भाकऱ्या खाल्ल्या होत्या.

"आज पडू नका," बाई म्हणाल्या. "ते यंत्र जोडा. आपण तिघं बघू."

काकांनी प्लेअर जोडला. डीव्हीडीवर निवडक तीन भाग होते. पहिले दोन मजेत गेले. बाई भूगोलाच्या वह्या तपासाव्यात तसं बघत होत्या. पर्वतावर नारळ कसे, ढग एकीकडे धावतायत आणि झाडं दुसरीकडे कशी वाकलीत, 'ळ' म्हणता न येणारी राणी कुठून आणली. रुईचं काम करणारी मुलगी मात्र त्यांना आवडली. हिला कुणी शिकवलेलं दिसत नाही, बरं आहे, असं म्हणाल्या. घोरबा पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा काका खुर्चीत जरा सावरून बसले. नट चांगला होता. त्याने जांभई दिली तशी काकांनीही दिली. आम्ही दोघी हसलो. काका हसले नाहीत, त्यांनी ती बहुतेक खरीच दिली होती.

तिसरा भाग सुरू झाला. कमान खचली. लोक पळायला लागले. घोरबाने पाठ लावली. रुई त्याचा हात ओढायला लागली. त्या नटाने ते वाक्य अगदी साध्या आवाजात म्हटलं, दुपारचं जेवण झाल्यावर म्हणावं तसं. मग धूळ, मग ती शिंक, मग घोरबा.

"सुटला," काका हळूच म्हणाले.

भाग पुढे चालू होता, पण बाईंनी रिमोट घेतला आणि चित्र थांबवलं. मी वही काढली. माझं काम मला करायलाच हवं होतं. मी विचारलं, बाई, तुमची प्रतिक्रिया?

"चूक आहे," बाई म्हणाल्या. "तो तिथेच जायला हवा. त्याच्या जाण्याशिवाय पुढच्या दोन वेशी रुई एकटी ओलांडणार नाही. गोष्टीला ते लागतं."

मी लिहून घेतलं. शेजवळसरांचं पहिलं पान तयार झालं होतं.

"गोष्टीला लागतं, हो," काका म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. "गोष्टीबद्दल मी कुठे बोलतोय."

"मग कशाबद्दल?"

"तुला वाटलं होतं मी जाणार."

"डॉक्टरांना वाटलं होतं."

"डॉक्टरांनी पुस्तक लिहिलं नाही, कमल."

मी उठायला लागले. म्हटलं, मी बाहेर थांबते. बाई म्हणाल्या, "बस. तुझ्यापुढे बोललो तर निदान आवाज चढणार नाहीत." आणि मग त्यांनी माझ्याकडे तोंड करून, पण काकांना ऐकू जाईल असं सांगायला सुरुवात केली.

तिसरं पुस्तक अर्धं झालं असताना काकांच्या हृदयाचं दुखणं निघालं. पुण्याला ऑपरेशन ठरलं. तेव्हा अशी ऑपरेशनं आजच्यासारखी सोपी नव्हती, आणि डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन, मनाची तयारी ठेवा, असं सांगितलं होतं. काकांना आत नेत होते तेव्हा ते बाईंना म्हणाले, तू हो पुढे घरी, मी जरा पडतो. बाई घरी गेल्या नाहीत. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहिल्या.

"तिथे बसून बायका स्वेटर विणत होत्या. मला विणता येत नाही. मी लिहीत बसले. वाटलं, एकदा लिहून काढलं की खरं होईल तेव्हा कमी लागेल. आणि तिसऱ्या दिवशी हे उठून बसले आणि उपमा मागितला."

"तोवर पुस्तक छापायला गेलं होतं," काका म्हणाले. ते स्वतःशीच म्हटल्यासारखं होतं. वर्षानुवर्षं त्यांनी आपली तशी समजूत घालून घेतली असावी.

इथे बाईंना नुसतं 'हो' म्हणता आलं असतं.

"नव्हतं गेलं," त्या म्हणाल्या. "त्यानंतर चार महिन्यांनी गेलं. काढता आलं असतं. मी काढलं नाही."

"का?"

"चांगलं उतरलं होतं."

काकांनी मान हलवली. रागाने नाही. एखाद्या गणिताचं उत्तर आपण धरलं होतं तेच निघालं की माणूस मान हलवतो, तशी. मग ते उठले, खिडकीशी गेले, आणि पाठमोरे उभे राहिले. खोलीत एकदम अंधारून आल्यासारखं झालं.

बाई माझ्याकडे वळल्या. मघाचं लिहिलेलं खोड, म्हणाल्या. "लिही, लेखिकेची हरकत नाही."

मी म्हटलं, पण आत्ता तर तुम्ही म्हणालात की चूक आहे.

"चूकच आहे. पण हरकत नाही. ज्यांना रडायचंय ती मुलं पुस्तक वाचून रडतील. टीव्हीवर राहू दे त्याला."

कारण काय लिहू, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, कारणाला तुझ्या सदरात जागा पुरणार नाही. आम्ही दोघं असेपर्यंत तरी लिहू नकोस. म्हणूनच हे इतक्या वर्षांनी लिहितेय.

निघताना काका शर्ट-पँट घालून, स्कूटरची किल्ली घेऊन तयार होते. स्टँडवर सोडतो म्हणाले. ते बसले तेव्हा स्कूटर इतकी खाली गेली की मागे मी बसावं की नाही असा मला प्रश्न पडला. ते इतक्या हळू चालवत होते की सायकलवरची शाळकरी मुलं आम्हाला मागे टाकून जात होती.

वाटेत ते मोकळे झाले. बोलता बोलता हसतही होते. पुस्तक आलं तेव्हा गावोगावच्या मुलांची पत्रं यायला लागली, घोरबा गेला म्हणून. पोस्टमनकडून ती पत्रं काकाच घ्यायचे.

"माझ्या मरणावर लोक इतके रडले," ते म्हणाले, "की मला रोज सकाळी उठायचा संकोच वाटायला लागला."

मी हसले. मग विचारलं की म्हणून पुढची दोन पुस्तकं वाचली नाहीत का.

"त्यात मी नाही ना. घरात मी आहे, आणि ही रोज आतल्या खोलीत बसून मी नसलेलं काहीतरी लिहितेय. ते काय वाचायचं." थोडं पुढे गेल्यावर त्यांनी मान जराशी वळवली. "ती पोरगी पुढे आठवण तरी काढते का त्याची?"

मी सांगणार होते, नाही. कारण खरंच नाही. चौथ्या आणि पाचव्या पुस्तकात घोरबाचं नाव एकदाही येत नाही. आम्ही वाचक त्यावर फार चिडलो होतो. पण मग मला ते आठवलं.

"काका," मी म्हटलं, "नाव नाही घेत. पण ती दर वेशीपाशी थांबते. शिदोरी सोडते, भाकरी मोडते, अर्धी खाते आणि अर्धी उंबऱ्यावर ठेवून पुढे जाते. का, ते कुठेच सांगितलेलं नाही. आम्ही मुलं भांडायचो त्यावर. कुणी म्हणायचं भुतांसाठी, कुणी म्हणायचं परतीची खूण म्हणून."

काकांनी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. पाय टेकून तसेच बसले.

"दर वेशीपाशी?"

"दर वेशीपाशी. भाऊ सापडल्यावर, परत येतानासुद्धा."

"दोन्ही पुस्तकांत?"

"अगदी शेवटच्या पानापर्यंत."

त्यांची पाठ माझ्यापुढे भिंतीसारखी होती, त्यामुळे चेहरा मला दिसला नाही. एक ट्रक गेला, मग एक बैलगाडी गेली. मग त्यांनी किक मारली. स्टँडवर मला उतरवलं, बस लागलीय बघ म्हणाले, आणि मी नीट नमस्कार करायच्या आत वळले. जाताना त्यांनी गाडी अशी हाणली की चौकातला हवालदार शिट्टी वाजवत दोन पावलं मागे धावला.

परीक्षण मी बसमध्येच लिहायला घेतलं. आधीचा मथळा टाकून दिला. कपडे भाड्याचे वाटतात, संगीत डोकं उठवतं, रुई उत्तम, राणीला 'ळ' शिकवा, असं सगळं लिहिलं. घोरबाला वाचवणं पुस्तकाच्या विरुद्ध आहे असं लिहिलं, आणि तो धुळीतून बाहेर येतो ते दृश्य मला पुन्हा बघावंसं वाटलं असंही लिहिलं. शेजवळसर वैतागले. म्हणाले, काहीतरी एक ठरव. मी म्हटलं, ठरवलंय, हेच ते. त्यांनी ते आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात छापलं. पुढचे काही आठवडे वाचकांनी मला फितूर ठरवलं. मालिका तीन महिने चालली आणि कुणाला न कळवता बंद झाली.

ती सुरू व्हायच्या आधीच एका दुपारी ऑफिसात बाईंचा फोन आला. परीक्षणाबद्दल असेल म्हणून मी जरा सावध झाले. त्यांनी परीक्षणाचा विषयही काढला नाही. विचारलं, यांना तू स्टँडवर जाताना काय सांगितलंस? मी म्हटलं, काही विशेष नाही. त्या म्हणाल्या, आठवडा झाला, दुपारचं झोपत नाहीत. पुस्तक घेऊन बसतात. हाक मारली तरी ओ देत नाहीत. काल चौथं संपलं.

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, मधला भाग फार लांबलाय. आणि तो नदीचा प्रसंग अजिबात पटला नाही म्हणे. भूगोल शिकवणारीने नदी अशी उलटी वाहवावी हे शोभत नाही, असं म्हणाले."

मी म्हटलं, बाई, त्यांना एवढं काय कळतं त्यातलं.

"कळतं तर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका आनंदी मी कधीच ऐकला नव्हता. "अगदी बरोबर आहे त्यांचं. थांब, ते आणखी काहीतरी सांगतायत, लिहून घेते." आणि फोन तसाच टेबलावर ठेवून त्या आत गेल्या.

मी बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून बसले. लांबून दोघांचा आवाज येत होता. नदीवरून कडाक्याचं भांडण चाललं होतं.